आभाळातला रवा

कुणाचंही आभाळ तपासायच्या आधी राजाक्का पडदा पुसायची. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून संगणकाची काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत स्वच्छ करायची, मग खुर्ची मागं सरकवून मान तिरकी करायची आणि बराच वेळ काही बोलायची नाही. "आधी काच पुसावी, मग आभाळाला नावं ठेवावीत," असं तिचं म्हणणं. तिच्या त्या न बोलण्याला आम्ही सगळेच टरकून असायचो.

माझं पहिलं आभाळ तिनं असंच बघितलं. बेळगावच्या कॅम्प भागात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोल्यांत आमचा छोटासा स्टुडिओ होता. मोठ्या शहरांतल्या सिनेमांसाठी संगणकावर डोंगर, नद्या, गावं आणि आभाळं तयार करून द्यायची, हे आमचं काम. चित्रकलेचा डिप्लोमा करून मी नुकतीच तिथं लागले होते. दुपारचं निळं आभाळ आणि त्यात दोन पांढरे ढग मी केले होते, आणि मनातून बरीच खूश होते. राजाक्कानं पडदा पुसला, बघितलं आणि म्हणाली, "वंदे, ढग झ्याक हाईत. पर आभाळात रवा सांडलाय गं."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं बोट दाखवलं. निळ्या रंगावर खरोखरच बारीक दाणे पसरले होते, आणि चित्र चालू केलं की ते मुंग्यांसारखे वळवळत होते.

संगणक चित्रातला उजेड अंदाजानं काढतो. एकेका ठिपक्यातून तो उजेडाच्या शोधात किरण सोडतो. ते कुठं आपटले, कुठून उजेड घेऊन आले, याचा मेळ घालून त्या ठिपक्याचा रंग ठरवतो. किरण कमी पडले की शेजारशेजारच्या ठिपक्यांचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत आणि चित्रभर दाणे उठतात. झाडावर, भिंतीवर ते खपून जातात. मोकळ्या आभाळात त्यांना लपायला जागा नसते. किरण वाढवले तर दाणे जातात, पण मग एकेक चित्र तयार व्हायला इतका वेळ लागतो, की सिनेमाच्या एका सेकंदापुरती चित्रं करता करता दिवस मावळतो. आमच्याकडं यंत्रं मोजकी, आणि त्यातही करंट कधी जाईल याचा नेम नाही.

"किरण वाढवते आक्का," मी म्हणाले.

"किरण वाढवायला अक्कल लागत न्हाय. वेळ लागतोय. त्यो कुठनं आणणार?" तिनं खुर्ची माझ्याशेजारी ओढली. "आजोळच्या मळ्यात मी पाण्याची दारं धरायची. सगळ्या रानात पाणी सोडून बसलं तर विहीर आटंल आणि वाफं तसंच ऱ्हातील. वाळलेला वाफा बघायचा, तिथं पाणी वळवायचं. भिजलेल्याला कशाला पाजायचं?" आणि खरंच, चित्राचा जो भाग नितळ झालाय तिथं यंत्राला थांबायला लावायचं, आणि जिथं दाणे आहेत तिथंच किरण खर्च करू द्यायचे, हे तिनं मला त्या दुपारी शिकवलं.

राजश्री तिचं नाव. निपाणीची. वडील लहानपणीच गेले. आई, हौसामावशी, तंबाखूच्या वखारीत निवडायचं काम करायची. त्या पैशावर राजाक्का शिकली, पुण्याला गेली, तिथून हैदराबादला. मोठमोठ्या सिनेमांच्या उजेडाचं काम तिनं केलं. पुढं तंबाखूच्या धुळीनं मावशीच्या छातीचा भाता झाला, दम लागायला लागला, तशी राजाक्का नोकरी सोडून परत आली. आमच्या वडगावच्या घरात खाली माग आणि वर दोन खोल्या. त्या खोल्यांत मायलेकी भाड्यानं राहायला आल्या, आणि तिच्याच ओळखीनं मी स्टुडिओत लागले.

मागाच्या खडखडाटाचा त्रास होत नाही का, असं माझ्या आईनं विचारल्यावर मावशी म्हणाली होती, "न्हाय वो. आवाज असला की घरात माणसं हाईत असं वाटतंय." लेकीच्या कामाबद्दल मात्र तिला काही केल्या उलगडा होत नसे. "लोकांच्या पोरी ब्यांकंत हाईत, शाळंत हाईत," ती शेजारणींना सांगायची, "माझी आभाळ करती." सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा, की ती तक्रार करतेय की मिरवतेय हे समजू नये.

राजाक्कानं लग्न केलं नाही. कुणी खोचून विचारलं तर म्हणायची, "हुतंय की. आधी ढग तर जाऊ द्यात." बोलताना फटकळ, पण स्टुडिओत कुणाचा डबा नसला तर आपला डबा मधोमध सरकवणारी. मावशीच्या हातची दोडक्याच्या शिरांची चटणी आम्ही सगळ्यांनी तिच्याच डब्यातनं खाल्ली.

दाणे घालवायला हल्ली एक सोपी सोय निघालीय. चित्र कसंही खरखरीत निघू द्या, नंतर यंत्रच ते पुसून गुळगुळीत करतं. आम्ही पोरं त्यावर खूश होतो. राजाक्काही ते वापरायची, पण मिठासारखं. "सगळ्यावर इस्त्री फिरवलीस तर ढगाचा कापूस जाऊन चादर हुती," ती म्हणायची. "आणि एकेक चित्र बघून भुलू नको. चालवून बघ. आभाळ उकळतंय का बघ." चालवल्यावर खरंच ते उकळायचं. प्रत्येक चित्रात पुसण्याचा डाग जरा वेगळा, त्यामुळं ढग आतल्या आत खदखदायचे. लांबचे ढग ती एकदाच, भरपूर वेळ देऊन, नितळ करून घ्यायची आणि मागं पडद्यासारखे लावून टाकायची. "ते हलतंय व्हय? मग रोज रोज कशाला त्याला कामाला लावतीस?"

आणि पुरे झालं की "साकु" म्हणायची. कन्नडमध्ये साकु म्हणजे पुरे. चित्र अजून थोडं सुधारता आलं असतं असं मला वाटत असायचं, आणि ती म्हणायची, "साकु. ह्याच्या म्होरं फक्त तुला दिसतंय. बघणाऱ्याला न्हाय."

त्या वर्षी दिवाळीनंतर हैदराबादहून एक मोठं काम आलं. सिनेमाच्या शेवटी एक पहाट होती. डोंगरावरून दिसणारं आभाळ, काळोखापासून सूर्य वर येईपर्यंत, मध्ये कुठंही न तोडता. माणूस नाही, संवाद नाही, फक्त आभाळ उजळत जातं. आमच्या मालकांनी, देसाई सरांनी, काम घेतलं खरं, पण नंतर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अंधारातल्या आभाळात दाणे सगळ्यात जास्त येतात, कारण किरणांना उजेडच सापडत नाही. पहाट म्हणजे निम्मा अंधारच.

राजाक्का मात्र पोरीसारखी हरखली होती. "वंदे, आजवर लोकांच्या डोस्क्यावरचं आभाळ केलं. घोड्यामागचं, बंगल्यामागचं. ह्यात निस्तं आभाळच हाय गं. त्येच हिरो."

त्याच दिवसांत ती पोटावर हात दाबून बसायला लागली. पोट फुगल्यासारखं वाटतंय, अन्न नको वाटतंय, असं म्हणायची. मावशी रोज सकाळी जिन्यात तिला अडवायची. "राजे, डागदरकडं जाऊन ये." आणि ही चप्पल घालता घालता उत्तर द्यायची, "जाते गं आये. एवढी पहाट हुंदे." मी किती वेळा हे ऐकलं असेल! आम्हाला सगळ्यांना ते ॲसिडिटीचं वाटत होतं. तिलाही तसंच वाटत असावं. ओवा, सोडा, ताक यांवर तिनं हिवाळा काढला.

संक्रांतीनंतर एका सकाळी ती स्टुडिओतच खुर्चीवरून घसरली. देसाई सरांनी आणि मी तिला गाडीत घातलं. तपासण्या झाल्या. गर्भाशयाशेजारच्या बीजकोशाचा कॅन्सर, आणि तो पोटभर पसरलेला. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं हळू आवाजात सांगितलं, की थोडं आधी आला असतात तर करण्यासारखं बरंच होतं. मावशी दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं. तिनं पदर तोंडाशी दाबून धरला.

पहाट अर्धी राहिली होती. देसाई सर काम परत करायला निघाले होते. राजाक्कानं दवाखान्याच्या खाटेवरून त्यांना फोन केला. मी शेजारीच होते. "सर, परत करू नका. वंदी करती. मी सांगते तिला." मग फोन ठेवून माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मला कायतरी हातात ऱ्हाऊ दे गं. नुसतं पडून मी मरंन."

पहिली केमो झाली आणि ती घरी आली. तेव्हापासून मी सकाळी सकाळी लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत जायची. खाली माग सुरू व्हायच्या आधीचा तो वेळ शांत असायचा. तिचे केस गेले होते. डोक्याला मावशीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला. मी तयार झालेली चित्रं दाखवायची आणि ती सांगायची: ह्याचा उजेड उतरव, त्याच्या कडा सैल सोड. काही दिवस असं चाललं. मग एकदा मी नवीन तुकडा लावला आणि ती नेहमीसारखी मान तिरकी करून बघत राहिली. बराच वेळ बघितलं. शेवटी विचारलं, "दाणा हाय का गं?"

मी तिच्याकडं बघितलं. तिचे डोळे पडद्यावर होते, पण कुठंच टेकलेले नव्हते. औषधांनी तिची नजर अधू झाली होती, आणि तिनं ते आम्हाला सांगितलं नव्हतं.

आभाळ दाण्यांनी भरलं होतं. मी जरा थांबून म्हणाले, "न्हाय आक्का."

"खोटं बोलू नको. न्हाय म्हणायला एवढा वेळ लागत न्हाय." तिनं उशीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. "लॅपटॉप तुझ्याकडं फिरीव. आता तू बघ आणि मला सांग. दाणा कुठं हाय? ढगात का उघड्या आभाळात?"

"दोन्हीत. पण क्षितिजाकडं जास्त."

"सूर्याच्या बाजूला?"

"न्हाय, उलट. लांबच्या अंधाऱ्या बाजूला."

"ढग झाकून बघ. निस्तं आभाळ ठेव."

मी ढग बंद करून पुन्हा चित्र काढायला लावलं. ते तयार होईपर्यंत ती तशीच पडून होती. मावशी कपबशी घेऊन आली आणि आमच्याकडं बघून दाराशीच थांबली.

"ढग नसताना पण दाणे हाईत आक्का. तेवढेच."

तिच्या तोंडावर हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं होतं. "मग ढगाचा दोष न्हाय. आपण खुळ्यागत ढगालाच धुतोय. क्षितिजावर धुकं घातलंय न्हवं मी, पातळ? त्याच्यात शिरलंय किरण, आणि गुरफटून बसलंय. दुधावरच्या सायीगत हाय ते धुकं. ती साय काढ वंदे, वेगळ्या भांड्यात ठेव."

"म्हणजे?"

"धुकं बाजूला काढून वेगळं कर. निम्म्या आकारात कर, बारीक. मग त्यावर पाहिजे तेवढी इस्त्री फिरीव. धुक्यातलं बारकं काम कोण बघतंय? त्याला कडा न्हाईत, नक्षी न्हाय. गुळगुळीत झालं तर बरंच. आणि वरनं पसरून टाक. ढगाला मात्र इस्त्री लावायची न्हाय. ढगाला सगळा वेळ दे."

मी स्टुडिओत गेले आणि तसं केलं. धुकं वेगळं काढल्यावर बाकीचं आभाळ नितळ निघालं, आणि एकेका चित्राचा वेळ इतका उतरला, की देसाई सर दोनदा येऊन यंत्र नीट चालतंय ना हे बघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला तुकडा चालवून दाखवला आणि शेजारी बसून सांगत गेले. आता काळं आहे. आता डोंगराच्या मागं कळेल न कळेल असं राखाडी. आता ढगाच्या पोटाला तांबूस. ती डोळे मिटून ऐकत होती. मावशी तिचे पाय चेपत ऐकत होती.

"उकळतंय काय?" तिनं विचारलं.

"न्हाय आक्का. खरंच न्हाय."

या वेळी मला क्षणाचाही वेळ लागला नव्हता. तिनं माझा हात चाचपून धरला. "साकु," म्हणाली. "पाठव."

हैदराबादहून उत्तर आलं. पहाट त्यांना फार आवडली होती. मी तो निरोप तिला वाचून दाखवला, तर म्हणाली, "परत एकदा वाच." गुढीपाडव्याच्या आधी ती गेली. सकाळची वेळ होती. खाली माग चालू होते. मावशीनं जिन्यावरून माझ्या वडिलांना हाक मारली, "दादा, जरा माग थांबवा." तेवढ्यावरून आम्हाला कळलं.

सिनेमा त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी लागला. मावशी तोवर आमच्याकडंच राहिली होती. निपाणीहून तिची बहीण न्यायला आली, तरी ती म्हणाली, "राजीचं आभाळ बघून येते." थिएटरात जायची तिची पहिलीच वेळ. ठेवणीतलं लुगडं नेसून, दम्याचा पंप कनवटीला खोचून ती माझा हात धरून जिना चढली. सिनेमाभर लढाया, घोडे, आरडाओरडा. दर थोड्या वेळानं ती माझ्या कानाशी विचारायची, "ह्येच काय?" मी म्हणायची, "न्हाय मावशी. शेवटी हाय."

शेवट आला. राजा डोंगरावर चढला, पडदा काळा झाला आणि एकदम नावं सुरू झाली. पहाट आली नाही. मला वाटलं, नावांच्या नंतर असेल. लोक उठून गेले. झाडणारी बाई रांगांतून फिरायला लागली. आम्ही दोघी बसून होतो. शेवटी दिवे लागले.

"आलं व्हय गं?" मावशीनं विचारलं. "मला न्हाय बाई समजलं."

"न्हाय मावशी. त्यांनी ते काढून टाकलं." सिनेमात असं होतं, लांबी कमी करायला शेवटच्या क्षणी कापाकापी करतात, कुणाचा राग म्हणून नाही, हे सगळं मी तिला समजावून सांगायला लागले.

ती ऐकत होती. मग रिकाम्या पडद्याकडं बघत, अगदी सावकाश म्हणाली, "मग ह्याच्यासाठी थांबली व्हय ती?"

मी तिचा हात धरून तिला उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला कॅम्पातल्या स्टुडिओत नेलं. आमच्याकडं ती पहाट अख्खी होती. देसाई सरांनी खिडक्यांवर चादरी लावून खोलीत अंधार केला, मोठ्या पडद्यावर ती लावली आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. मावशी अगदी पुढं बसली होती. काळोख, मग राखाडी, मग ढगांच्या पोटाला तांबूस. मी या वेळी काही सांगितलं नाही. सूर्य वर आला आणि तिच्या सुरकुत्यांवर त्याचा उजेड पडला. तिनं पदरानं डोळे टिपले नाहीत, हुंदका दिला नाही. फक्त म्हणाली, "परत लाव." मी परत लावली. "आणिक एकदा." किती वेळा लावली ते मला आठवत नाही. शेवटी ती आपणच उठली आणि बाहेर येऊन देसाई सरांना म्हणाली, "चांगली केलीया पोरीनं."

त्याच दुपारी मी तिला निपाणीच्या गाडीत बसवायला गेले. बहिणीनं खिडकीजवळची जागा धरली होती. मावशीच्या मांडीवर राजाक्काच्या कपड्यांचं बोचकं होतं. गाडी सुरू झाली तशी तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट घट्ट धरलं. तिला दम लागला होता, बोलायला जरा वेळ लागला.

"वंदे, पोटात दुखलं तर थांबू नको गं," ती म्हणाली. "कसलंबी काम असू दे."

गाडी हलली, तरी तिनं हात सोडला नव्हता. मी खिडकीबरोबर थोडी चालत गेले.